साडूभाऊंची चिप

पेणकरपाड्यात गाड्यांचं गॅरेज चालवणाऱ्या हरिश्चंद्र साळवीचा राग दुधासारखा, भसकन वर येणार आणि फुंकर मारली की खाली बसणार, असं त्याची बायको वैजयंता सगळ्यांना सांगत आली होती. यंदा मात्र दसऱ्याला आलेला राग दिवाळी झाली तरी खाली बसला नव्हता. फराळ संपला, आकाशकंदील उतरला, राग होता तिथंच. आणि तो कुणावर म्हणाल, तर परक्यावर नव्हे, सख्ख्या साडूवर.

साडूचं नाव सुभाष घाणेकर. वैजयंताच्या धाकट्या बहिणीचा, मिनलचा नवरा. राहायला इंद्रलोकमध्ये, सातव्या मजल्यावर. आधी पाणी शुद्ध करायची मशिनं विकायचा, मग इन्शुरन्स, मग वजन कमी करायची कसलीशी पावडर. आयुष्यात त्याने कधी पान्याला हात लावला नव्हता. टायर पंक्चर झाला तरी हा रस्त्याच्या कडेला उभा राहून हरिश्चंद्रला फोन करायचा. तर असा हा गृहस्थ गणपतीपासून मोबाइलवर ‘ऑटो एक्सपर्ट’ झाला होता आणि गाडीची पॉवर वाढवणारी चिप विकत होता.

चिप म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा. गाडीत स्टेअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं; गॅरेजवाले तिथं स्कॅनर लावून गाडीचं दुखणं शोधतात. त्या सॉकेटमध्ये हा डबा खोचायचा, की म्हणे पॉवर पस्तीस टक्के वाढते आणि पेट्रोल पंधरा टक्के वाचतं. ऑनलाइन तीनशे रुपयांत मिळणारा माल. सुभाष त्यावर स्वतःचं सोनेरी स्टिकर चिकटवून पाचपट भावाने लोकांच्या गळ्यात मारायचा.

मारू दे की. लोक डोळे मिटून काहीही विकत घेतात, त्याला हरिश्चंद्र काय करणार? पण सुभाषने ती चिप विकली हरिश्चंद्रच्या नावावर, आणि तिथं सगळं बिनसलं.

दसऱ्याला गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, ग्रीस गन, स्कॅनर, सगळं पुसूनबिसून पाटावर मांडायचं आणि एकेकाला हळदकुंकू लावून फूल वाहायचं. पाटावर जे असेल त्याची पूजा होते. हे कशाला, ते कशाला, असं त्या दिवशी कुणी विचारत नाही. सुभाष आणि मिनल सकाळीच पेढे घेऊन आले होते. पूजा चालू असताना सुभाषने आपला डबा हळूच पाटावर सरकवला. हरिश्चंद्रच्या स्कॅनरचा जो तुकडा सॉकेटमध्ये जातो, तो दिसायला हुबेहूब तसाच. चष्मा कपाळावर चढवलेला, उदबत्तीचा धूर डोळ्यांत गेलेला. हरिश्चंद्रने त्या डब्यालाही कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. सुभाष मोबाइल धरून समोर उभाच होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मीरा रोडपासून भाईंदरपर्यंतच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. मागे गॅरेजची पाटी, पुढे हात जोडलेला हरिश्चंद्र, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘सव्वीस वर्षांचा अनुभव असलेले मास्तर जिला नमस्कार करतात ती चिप!’

हरिश्चंद्रने फोन केला. “सुभाषराव, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढा.”

“अहो हरीभाऊ, चिडताय काय? मी कुठं म्हटलंय तुम्ही विकताय म्हणून? तुम्ही पूजा केलीत, मी दाखवली. खोटं काय आहे त्यात?”

“मला वाटलं माझा स्कॅनर आहे तो!”

“आता ते व्हिडिओत कसं दिसणार?” सुभाष हसला. “आणि फुकटात जाहिरात होतेय तुमची. व्ह्यूज बघा किती आलेत ते!”

हरिश्चंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच वेळी इंद्रलोकमध्ये जाऊन तो साडूची कॉलर धरणार होता, पण वैजयंता दारात आडवी उभी राहिली. घरातली भांडणं रस्त्यावर नकोत, दोन दिवसांत लोक विसरतील, मिनलच्या संसाराचा विचार करा. हरिश्चंद्रने विचार केला. तिथंच त्याचं चुकलं, असं तो नंतर म्हणायचा.

लोक विसरले नाहीत, उलट घ्यायला लागले. साळवी मास्तर म्हणजे काय ते ह्या भागात सगळ्यांना माहीत. जिथं दुसरा मेकॅनिक चार पार्ट बदलायला सांगेल तिथं हा म्हणायचा, काही झालेलं नाही, घरी जा. त्याच्या ह्या एका शब्दावर लोक गाडी सोडून निर्धास्त गावाला जायचे. हरिश्चंद्रने सव्वीस वर्षांत दुसरं काही कमावलं नव्हतं. गॅरेजची जागासुद्धा भाड्याची. होतं ते नाव, आणि त्या नावावर साडू दुकान मांडून बसला होता.

चिपच्या पाकिटात एक कागद असायचा. पहिले दोनशे किलोमीटर गाडी सावकाश चालवा, म्हणजे चिप तुमची सवय शिकेल. लोक इमानदारीत सावकाश चालवायचे. सावकाश चालवल्यावर कुठलीही गाडी पेट्रोल कमी पिते, त्याला चिप कशाला हवी? पण श्रेय चिपला जायचं आणि सुभाषला आणखी एक समाधानी गिऱ्हाईक मिळायचं.

मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी कोंडिराम गायकवाड गॅरेजवर आला. मूळचा परभणीचा, एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर, जेसल पार्कला राहणारा. चौदा वर्षांत त्याच्या गाडीला हरिश्चंद्रशिवाय कुणी हात लावला नव्हता. आज तो चालत आला होता. त्याने खिशातून चिप काढली आणि टेबलावर ठेवली.

“मास्तर, ही घ्या तुमची वस्तू.”

“माझी नाही ही, कोंडिराम.”

“तुमच्याकडं बघूनच घेतली ना पण. त्या माणसाला मी ओळखतो कुठं? तुम्ही हात जोडले, म्हटलं मास्तर जोडतायत म्हणजे असेल काहीतरी.”

हळूहळू त्याने सगळं सांगितलं. दिवाळीला घरचे सगळे दहा दिवस गावाला गेले होते, ट्रेनने. गाडी सोसायटीत उभी, चिप सॉकेटमध्ये. ते सॉकेट गाडी बंद असतानाही चालू असतं, त्यामुळे दहा दिवस, रात्रंदिवस, ती चिप लुकलुकत राहिली आणि आधीच जुनी झालेली बॅटरी पीत राहिली. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोंडिरामच्या मुलीची, पायलची, बँकेची परीक्षा होती. सेंटर पार ठाण्याच्या पलीकडे. पहाटे किल्ली फिरवली तर गाडी मेलेली. रिक्षा शोधली, ती घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि पायल पोहोचली तेव्हा गेट बंद होऊन नऊ मिनिटं झाली होती.

“दीड वर्ष अभ्यास करत होती,” कोंडिराम म्हणाला. “रडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, पप्पा, तुम्ही काय करणार. रडली असती तर बरं झालं असतं.”

जाताना कोंडिराम म्हणाला की गाडी आता तो नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजला दाखवणार आहे. रागाने नाही म्हणाला, नुसतं सांगितलं. हरिश्चंद्रला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, आणि साडूचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना.

दुपारी त्याने ती चिप स्क्रूड्रायव्हरने उघडली. आत नखाएवढा एक बोर्ड, तीन बारीक दिवे आणि दिवे लुकलुकवणारा एक तुकडा. सॉकेटच्या सोळा पिनांपैकी फक्त करंटच्या पिना जोडलेल्या. ज्या पिनांवरून इंजिनाशी बोलता येतं त्या बोर्डापर्यंत पोहोचतच नव्हत्या. गाडीचं ट्यूनिंग खरंही असतं, हे हरिश्चंद्रला ठाऊक होतं. त्याला लॅपटॉप लागतो, एकेका गाडीवर दिवस घालवावा लागतो आणि ते करणारे हात वेगळे असतात. हा नुसता लुकलुकणारा दिवा होता. ह्या दिव्यापायी एका पोरीचं दीड वर्ष गेलं होतं.

घरी त्याने वैजयंताला पायलचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिने खाली ठेवली.

“अहो, माझी बहीण आहे ती,” शेवटी म्हणाली.

“बहिणीचं मी काय वाकडं करतोय?”

“करायचंच असेल तर दिवसाढवळ्या करा, चारचौघांत. मागून काही करू नका.”

तेवढी परवानगी हरिश्चंद्रला पुरली. त्याने साडूला फोन लावला आणि आवाजात साखर घातली. “सुभाषराव, माझंच चुकलं हो. लोक खूश आहेत चिपवर. ह्या रविवारी गॅरेजवर येऊन एक डेमो द्या. ज्यांनी घेतली त्यांनाही बोलावतो, नव्या लोकांनाही. मग माल माझ्याकडेच ठेवत जाऊ.”

“मला माहीतच होतं हरीभाऊ!” सुभाष खुलला. “उशिरा का होईना, तुम्हाला बिझनेस कळला. मी लाइव्हच करतो!”

“करा ना, लाइव्हच करा,” हरिश्चंद्र म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने तोंड धुतलं.

रविवारी अकरा वाजता गॅरेजसमोर तीसेक माणसं जमली. चिप घेतलेली, घ्यायच्या विचारात असलेली, आणि रविवारी दुसरं काही काम नसलेली. कोंडिरामही आला होता. हरिश्चंद्रने स्वतः घरी जाऊन त्याला बोलावलं होतं. सुभाष इस्त्रीच्या शर्टात, हातात चिपांचं खोकं. मिनलच्या हातात मोबाइल, लाइव्ह चालू. वैजयंता खुर्ची टाकून बसली होती, तोंड घट्ट मिटून.

मधोमध एक लाल हॅचबॅक उभी होती, बॉनेट बंद. तिचं नाक चांगलं चार बोटं वर आलेलं होतं. गाडी ओळखणाऱ्या माणसाला ते रस्त्यावरून दिसलं असतं. कोंडिरामला आल्याआल्या दिसलं. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि हाताची घडी घालून गप्प उभा राहिला. शेजारचा टायरवालाही तोंडावर रुमाल धरून उभा होता. ऑटो एक्सपर्ट मात्र गाडीला प्रदक्षिणा घालून आले तरी त्यांना काही दिसलं नाही.

“ही गाडी मुद्दाम ठेवलीय,” हरिश्चंद्र म्हणाला. “पिकअप अजिबात नाही हिला. करा काहीतरी.”

“अशाच केसेस तर पाहिजेत!” सुभाष कॅमेऱ्याकडे वळला. “नमस्कार मित्रांनो! आज आपण आहोत साळवी मास्तरांच्या गॅरेजवर. गाडी थकलेली आहे. बघा आता चिपची कमाल.”

तो ड्रायव्हरच्या जागी बसला, वाकून चिप सॉकेटमध्ये खोचली आणि किल्ली एक घर फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले. चिपवरचा लाल दिवा खोचल्यापासून लुकलुकतच होता.

“लाल म्हणजे चिप इंजिन वाचतेय,” सुभाषने सांगितलं. “मेकॅनिकला चार तास लागतात, चिपला एक मिनिट.”

“काय म्हणतंय इंजिन?” हरिश्चंद्रने विचारलं.

“कार्बन आहे आत, मास्तर. बराच आहे. चिपने ओळखलं बघा, दिव्याचा स्पीड वाढलाय.”

“बाकी इंजिन कसंय?”

“इंजिन दमदार आहे. फक्त सेटिंग चुकीचं होतं.” तेवढ्यात दिवा हिरवा झाला. सुभाषने टाळी वाजवली. “झालं! पस्तीस टक्के पॉवर वाढली. मी गॅरंटी देतो, लाइव्हवर देतो!”

“तीस माणसं ऐकतायत,” हरिश्चंद्र म्हणाला. “नक्की ना?”

“लिहून देतो!”

“मग सुरू करायच्या आधी बॉनेट उघडा. तुमच्याच हाताने. इंजिनाचा आवाज लोकांना नीट ऐकू येऊ दे. मिनल, फोन जरा जवळ आण.”

सुभाषने लिव्हर ओढला, रुबाबात पुढे आला आणि बॉनेट वर उचललं.

आत काही नव्हतं. कोपऱ्यात बॅटरी होती, कडेने काही वायरी लोंबत होत्या, आणि मधल्या मोठ्या भगदाडातून खालची गॅरेजची फरशी दिसत होती. इंजिन चार दिवसांपूर्वीच काढून बोअरिंगच्या कामाला बाहेर पाठवलं होतं, आणि तेवढं वजन उतरल्यामुळेच गाडीचं नाक वर आलं होतं.

पहिल्यांदा टायरवाला ओरडला, “अरे मास्टर, इसमें तो इंजिन ही नहीं है!” आणि मग जो हशा पिकला तो थांबेना. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. “दमदार आहे म्हणे!” “कार्बन बराच आहे आत!” कुणीतरी भगदाडात वाकून इंजिनाला हाका मारत होतं. सुभाष बॉनेट धरून तसाच उभा, खाली ठेवावं की वर धरावं त्याला कळेना. हरिश्चंद्र हसला नाही. तो नुसता साडूच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्याला छातीत मोकळं वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं.

“ही चीटिंग आहे!” सुभाषला एकदाचा आवाज फुटला. “इंजिन काढून ठेवलंत तर चिप काय करणार? खऱ्या गाडीत चालते ती! माझ्या स्वतःच्या गाडीत आहे, पहिल्या दिवसापासून!”

“आहे?” कोंडिराम पुढे झाला.

सुभाषची पांढरी गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मागच्या काचेवर चिपचं भलंमोठं सोनेरी स्टिकर. कोंडिराम कुणाला न विचारता तिकडे गेला आणि दार उघडलं. मागोमाग सगळे, मिनलही, तिच्या हातातला फोन अजून चालूच. कोंडिराम स्टेअरिंगखाली वाकला, हाताने चाचपलं आणि मागे सरला.

“मास्तर, तुम्हीच बघा.”

हा भाग हरिश्चंद्रने ठरवलेला नव्हता. साडू मूर्ख आहे, त्याला कुणीतरी ऑनलाइन गंडवलाय आणि हा आपल्याला गंडवतोय, एवढंच तो आजवर धरून चालला होता. तो वाकला. सॉकेट रिकामं होतं. बोट फिरवलं तर धूळ लागली, महिनोन्महिन्यांची.

“सुभाषराव,” तो उभा राहत म्हणाला, “तुमच्या गाडीत चिप का नाही?”

सुभाषने मिनलकडे पाहिलं. ती फोनच्या आडून नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. त्याने मान खाली घातली.

“माझी गाडी तुम्ही बघता ना, हरीभाऊ,” तो पुटपुटला. “मला कशाला लागेल?”

आता कुणीही हसलं नाही. हे सगळ्यांनी ऐकलं, फोननेही ऐकलं. सुभाषच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्या माणसाने हरिश्चंद्रच्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाच्या तो लग्नकार्यात शेजारी बसायलासुद्धा टाळाटाळ करायचा. आज त्याने म्हटलं, आणि ते खरं होतं हे लहान पोराला कळलं असतं. हरिश्चंद्रला क्षणभर बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच मग डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ह्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वतःच्या गाडीला मास्तरांचा हात, आणि कोंडिरामच्या गाडीला मास्तरांचा फोटो.

“ज्यांच्या ज्यांच्या चिपा आहेत, सगळ्यांच्या परत घेतो मी,” सुभाष घाईघाईने म्हणाला.

“माझ्या पोरीची परीक्षा परत घेता येते का बघा,” कोंडिराम म्हणाला.

वैजयंता रस्ता ओलांडून आली होती. तिने नवऱ्याच्या दंडाला हात लावला. आता पुरे, असं त्या हातात होतं, आणि ते हरिश्चंद्रला नीट कळलं. त्याने हळूच दंड सोडवून घेतला.

“सुभाषराव, ह्या गाडीला यापुढे माझा हात लागणार नाही,” तो म्हणाला. “आज नाही, कधीच नाही. आणि भाईंदरमध्ये दुसरा कोण हात लावतो तेही बघा. लाइव्ह सगळ्यांनी पाहिलंय. मिनल, तुझं हे घर आहे, केव्हाही ये. गाडी मात्र नाक्याच्या अलीकडे आणायची नाही.”

मिनलने फोन बंद केला. गाडीत जाऊन बसली, पण मागच्या सीटवर. सुभाष एकटाच पुढे बसला. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली, तिला काही कारणच नव्हतं न व्हायला. कोंडिरामने जवळ येऊन विचारलं, संध्याकाळी गाडी घेऊन येऊ का. ये, असं हरिश्चंद्र म्हणाला, पण त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

सुभाषने क्लच दाबला तेव्हा आवाजात एक बारीक किरकिर आली. इतकी बारीक की तिथल्या तीस माणसांत ती एकालाच ऐकू आली. क्लचचं बेअरिंग. महिनाभर जाईल, फार तर दीड, आणि मग गाडी कुठल्या तरी चढावर साथ सोडेल. आता बदललं तर अर्ध्या दिवसाचं काम.

सव्वीस वर्षांत असा आवाज ऐकून हरिश्चंद्र कधी गप्प बसला नव्हता. अनोळखी गाडी सिग्नलला शेजारी उभी असली तरी काच ठोकून सांगायचा. त्याने तोंड उघडलं. पांढरी गाडी वळणापर्यंत पोहोचली होती, हाक मारली असती तर थांबली असती. त्याने तोंड मिटलं आणि कापसाच्या चिंधीने हात पुसत आत गेला.